गयाबाईचं घर तळ्यात की मळ्यात

तळ्याच्या मधोमध उभा राहून मी तळ्याचा काठ शोधत होतो. पायांतल्या चपला कोरड्या होत्या. आजूबाजूला भेगाळलेला गाळ, भेगांत वाळलेले शिंपले, आणि दोनशेएक माणसं टोपल्या भरभरून तोच गाळ बाहेर टाकत होती. पाणी होतं ते एका कोपऱ्यात, चार म्हशी बसतील एवढं. माझ्या हातात ग्रामपंचायतीकडून आलेला कागद होता. त्यात विचारलं होतं, की अर्जदाराचं घर तलावाच्या पाण्यात येतं किंवा कसे.

"कुठल्या पाण्यात?" मी म्हणालो.

"कागदावरच्या पाण्यात, साहेब," माझा खलाशी बाबूमियाँ म्हणाला. "दुसरं कुटं हाय?"

खलाशी म्हणजे जहाजावरचा नव्हे. सर्व्हेच्या वेळी पट्टी धरणाऱ्या, खुंट्या मारणाऱ्या माणसाला आमच्या खात्यात खलाशी म्हणतात. मराठवाड्याला समुद्र नाही, पण पाटबंधारे खात्यात खलाशी भरपूर होते. बाबूमियाँ त्यांतला सगळ्यात जुना. मी ज्युनियर इंजिनिअर, आणि सगळ्यात नवा. कंधारहून ट्रंक घेऊन नोकरीवर आलो, तेव्हा लातूर जिल्हा वेगळा होऊन थोडीच वर्षं झाली होती आणि दुष्काळाचं दुसरं वर्ष चालू होतं. म्हणजे जिल्हा नवीन, मी नवीन, आणि पाणी जुनं झालेलं.

गाव अहमदपूर तालुक्यातलं. नाव सांगत नाही. तिथल्या काही लोकांना मी अजून आवडत नाही.

अर्ज गयाबाई वाघमारे यांचा होता. तळ्याच्या काठाला बौद्ध वस्ती होती आणि तिच्यात सगळ्यात खालच्या अंगाला गयाबाईचं घर. म्हणजे घर होतं. आधी मागची भिंत बसली, आणि भिंतीमागोमाग माळवद खाली आलं. माळवद म्हणजे लाकडावर मातीचा जाड थर देऊन केलेलं छत. ते पडतं तेव्हा आख्खं पडतं. गयाबाई त्या वेळी कामावर होती आणि तिची आंधळी सासू अंगणात. एक शेळी तेवढी गेली. तेव्हापासून दोघी विहाराच्या पडवीत राहत होत्या.

पंचायत समितीनं तिला घरकुल मंजूर केलं होतं. पत्रे येऊन पडले होते. पण बांधायला ग्रामपंचायतीची परवानगी लागते. ग्रामपंचायत म्हणाली, घर तळ्याच्या काठाला आहे, पाटबंधारे खात्याचं 'ना हरकत' आणा. आणि ते मार्चअखेर आणा, नाहीतर पत्रे यादीतल्या पुढच्या नावाला जातील.

आता गंमत अशी, की ज्या तळ्याच्या जवळ घर नको म्हणून खातं तिला अडवून राहिलं होतं, त्याच तळ्यातला गाळ खातं तिच्याकडून उपसून घेत होतं. रोजगार हमीच्या मस्टरवर तिचं नाव होतं. सकाळी हजेरी मीच घ्यायचो.

"दिवसभर तळ्यातच असते, साहेब," ती पहिल्याच दिवशी म्हणाली. "रातच्याला तरी तळ्याभाईर जाऊ द्या."

नियम सोपा होता. तळं काठोकाठ भरलं की पाणी जिथवर पोचतं त्या रेषेच्या आत घर बांधता येत नाही. ही रेषा दिसावी म्हणून निजामाच्या काळात काठाकाठानं दगड पुरले होते. मी तीन दिवस ते शोधले. एक सापडला. त्याला शेंदूर लावलेला होता आणि पुढं नारळ फोडलेला होता. लोकांनी तो मूळ जागेवरून उचलून लिंबाच्या सावलीत आणला होता. देवाला विचारणार कोण, की तू मूळचा कुठला.

मग रेकॉर्ड. तलावाच्या नकाशाची फाईल नव्या जिल्ह्यात मागितली. उत्तर आलं, अद्याप जुन्या जिल्ह्यातून प्राप्त नाही. जुन्या जिल्ह्याला लिहिलं. उत्तर आलं, सर्व फाईली ट्रकने रवाना. दोन जिल्ह्यांच्या मधे कुठंतरी आमचं तळं हरवलं होतं. नकाशा सापडेना आणि तारीख तर जवळ येत चाललेली.

आमचे डेप्युटी इंजिनिअर म्हणजे डेप्युटीसाहेब. पुण्याकडचे. सही करायची वेळ आली की त्यांना चष्मा सापडत नसे.

"बिरादार, हे बघा," ते मला म्हणाले, "होकार दिला आणि उद्या पाणी आलं, तर जबाबदार कोण? मी. नकार दिला आणि पाणी नाही आलं, तर जबाबदार कोण?"

"कोण?"

"कुणीच नाही. म्हणून नीट मोजा."

मी नीट मोजायचं ठरवलं. त्यासाठी नकाशा लागत नाही हे मला कॉलेजात शिकवलेलं होतं. भरलेल्या पाण्याची पातळी सगळ्या काठाला सारखीच असते. आणि तळं किती भरणार हे सांडवा ठरवतो. सांडवा म्हणजे बांधाच्या टोकाला मुद्दाम ठेवलेली बुटकी दगडी भिंत. तळं भरलं की जास्तीचं पाणी तिच्या माथ्यावरून निघून जातं. म्हणजे सांडव्याचा माथा जेवढा उंच, तेवढंच तळं. त्या माथ्यावर पट्टी धरायची आणि लेव्हलने ती उंची टप्प्याटप्प्यानं घरापर्यंत न्यायची. घराचं जोतं त्याच्या वर निघालं तर घर मळ्यात. खाली निघालं तर तळ्यात.

लेव्हल म्हणजे तिपाईवरची दुर्बीण. ती सरळ बघते. वर बघत नाही, खाली बघत नाही. आमच्या ऑफिसात असा स्वभाव असलेली ती एकटीच.

सकाळी साडेसातला सुरुवात केली. बाबूमियाँ सांडव्यावर चढला, माथ्यावर पट्टी उभी केली, मी आकडा लिहिला. मग पुढचा टप्पा, त्याच्या पुढचा. उन्हानं डोळ्यांपुढं हवा थरथरायला लागायच्या आत आम्ही गयाबाईच्या पडक्या घरापाशी पोचलो. तिची सासू जोत्यावर बसलेली होती. ती रोज पडवीतून उठून, भिंतीला चाचपत तिथं येऊन बसायची. बाबूमियाँनं तिच्या शेजारी पट्टी धरली.

"कोन हाय?" म्हातारीनं विचारलं.

"सरकार," बाबूमियाँ म्हणाला.

"बस मंग," म्हातारी म्हणाली आणि थोडी सरकली.

हिशेब मी तिथंच केला. जोतं रेषेच्या खाली निघालं. फार नाही, वीतभर. पुन्हा बेरीज केली. वीतभरच. उलट्या दिशेनं सांडव्यापर्यंत लेव्हल लावत परत गेलो. चूक निघाली नाही. आमच्या कामात एवढं जुळलं की माणूस खूश होतो. मीही झालो. त्याच दिवशी रिपोर्ट दिला, की सदर घर तलावाच्या पूर्ण भरणाऱ्या पातळीच्या आत येत असल्याने ना हरकत देता येत नाही. डेप्युटीसाहेबांना चष्मा लगेच सापडला.

दोन दिवसांनी हजेरीच्या वेळी गयाबाई पुढं आली. अंगठा उठवायला हात पुढं केला आणि तसाच ठेवला.

"साहेब, तुम्ही मला बुडवलं म्हणं."

"मी नाही, बाई. मोजणीत निघालं. वीतभर खाली आहे घर."

"म्हाजी सासू नवरी होऊन याच घरात आली. तवापासून पाणी जोत्याला शिवलं न्हाई."

"कधीच नाही?"

"एकडाव शिवलं. ह्या दुष्काळाच्या आदल्या साली. दोन महिने मागच्या भिताडाला चिकटून हुतं. त्यानंच भीत खाल्ली."

"म्हणजे येतंच की पाणी."

"एक साल आलं म्हणून ते तळं झालं का?" तिचा आवाज चढला नव्हता. "आन् ते साल बी इपरीतच. तळं लई भरलं, काठोकाठ. पर सांडवा वाहिला न्हाई. दरसाली सांडव्याखाली मासे घावतात. त्या साली समदे टोपले घेऊन गेले आन् हात हलवत आले."

मी मस्टरचं पान उलटलं. पुढचं नाव पुकारलं. ती निघून गेली. चार-पाच अंगठे झाल्यावर माझा हात थांबला.

तळं काठोकाठ आणि सांडवा कोरडा. हे होऊ शकत नाही. भांड्याला भोक असताना भांडं भोकाच्या वर भरत नाही. भरलं, तर दोनच गोष्टी असतात. एक तर सांगणारा खोटं बोलतोय, नाहीतर भोक कुणीतरी वर सरकवलंय. मासे मिळाले नाहीत हे खोटं बोलून गयाबाईला काय मिळणार होतं?

दुपारच्या सुट्टीत बाबूमियाँला घेऊन सांडव्यावर गेलो. वरून बघितलं तर जुनाच दगड, शेवाळ वाळून काळा पडलेला. सगळ्यात वरचा थरही काळाच होता. पण त्याचा काळेपणा जरा जास्तच सारखा होता. बाबूमियाँ उकिडवा बसला. खिशातून अडकित्ता काढला आणि दोन दगडांच्या मधली दरज खरवडली. वरचा चिखल पडला. आतून करडा रंग निघाला. मग त्यानं खालच्या थराची दरज खरवडली. ती पांढरी निघाली.

"ह्ये सिमिट हाय, साहेब," तो म्हणाला. "आन् ह्यो खाली चुना. निजामाच्या गवंड्यांकडं सिमिट कुटून? माझे अब्बा गवंडीच होते."

वरचा थर दीड फुटाचा भरला. कुणीतरी सांडव्यावर सांडवा बांधला होता, आणि तो जुना दिसावा म्हणून वर चिखल फासला होता. माझी वीतभर त्याच दीड फुटात होती. खरा माथा धरला तर गयाबाईचं जोतं रेषेच्या चांगलं वीतभर वर निघत होतं.

"परवा याच थरावर पट्टी धरली होती ना तू?"

"हाव."

"तेव्हा बोलला का नाहीस?"

"तुम्ही म्हनले, माथ्यावर धर. म्या माथ्यावर धरली. कोनी बांधलेला माथा, ते तुम्ही इचारलं न्हाई. आन् म्याबी बघितलं न्हाई." त्यानं अडकित्ता पुसून खिशात ठेवला. "चूक दोगांचीबी हाय. पर पगार तुमचा जादा हाय."

तो दुपारचा डबा मी खाल्ला नाही. दहा-बारा किलोमीटर चालून, उलटसुलट तपासून, दशांश चिन्हापर्यंत बरोबर असलेलं काम मी केलं होतं, आणि ते मुळापासून चुकलं होतं. त्याच्या जोरावर एका बाईचे पत्रे दुसऱ्याकडे जायला निघाले होते. शिवाय तिची भिंत ज्या पाण्यानं खाल्ली, ते पाणी आलं या दीड फुटामुळे. आणि खात्यातल्या कुणाला अजून पत्ता नव्हता.

हे कुणी केलं ते शोधायला अक्कल लागली नाही. तळ्याच्या वरच्या अंगाला शेतात पाणी ओढायच्या मोटारी कुणाच्या, एवढंच बघायचं. सोसायटीचे चेअरमन. त्यांना गावात सगळे चेअरमनच म्हणत, घरातलेसुद्धा. मी विचारायला गेलो तर त्यांनी खुर्ची दिली, चहा सांगितला.

"दोन दगड ठेवले, बिरादारसाहेब," ते शांतपणे म्हणाले. "पाणी सांडव्यावरून जाऊन राहिलं व्हतं वाया. ते अडवलं. दुष्काळाचं पहिलं साल गावानं कशावर काढलं? त्याच दीड फुटावर. माणसानं प्यालं, जनावरानं प्यालं. आता मला फाशी द्या."

खोटं नव्हतं ते. पहिल्या वर्षी आसपासच्या गावांत टँकर फिरत होते, इथं नव्हते. चहा प्यायलो आणि परत आलो.

दुसऱ्या दिवशी डेप्युटीसाहेबांसमोर उभा राहिलो.

"साहेब, तो रिपोर्ट चुकला."

"रिपोर्ट चुकत नसतो, बिरादार. दुसरा रिपोर्ट दिला, की पहिला चुकतो. देऊ नका."

मी सांडव्याचं सांगितलं. त्यांचा चेहरा बदलला. सरकारी सांडव्यावर कुणीतरी राजरोस बांधकाम करतं आणि ते दोन-तीन पावसाळे खात्याला दिसत नाही, हे कागदावर आलं तर माझ्याआधीचे तिघं आणि त्यांच्यावरचे साहेब असे सगळेच रांगेत उभे राहणार होते.

"कुणाकुणाला माहीत आहे?"

"मला, बाबूमियाँला. आणि मासे धरणाऱ्या सगळ्यांना."

"लेखी कुणाला?"

"कुणालाच नाही."

"मग प्रश्नच नाही."

"साहेब, पुढच्या सोमवारी कलेक्टर येताहेत तळ्याच्या कामावर."

नवा जिल्हा आणि नवे कलेक्टर. त्यांना मजुरांशी बोलायची सवय होती, आणि साहेबलोकांना लांब उभं करून बोलायची. सगळी ऑफिसं त्यामुळे हवालदिल होती. डेप्युटीसाहेबांनी थोडा विचार केला.

"त्या बाईला सोमवारी सुट्टी द्या."

मी हा निरोप गयाबाईला दिला. लाज वाटली, पण दिला.

"सुट्टीची हजेरी लावणार का?" तिनं विचारलं.

"नाही."

"मंग मी येनार. कलेक्टरसाहेबाला बगायचं हाय. कसा असतो ते."

मी तिचं बोलणं साहेबांना जसंच्या तसं सांगितलं. त्यात माझ्या पदरचं एवढंच घातलं, की बाई फार बोलते. हे खरं नव्हतं. ती फार कमी बोलायची. पण साहेब तिला कधी भेटलेच नव्हते.

त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांना पटकन निर्णय घेताना बघितलं. 'सांडव्याची किरकोळ साफसफाई' असं काम निघालं. रोजगार हमीतूनच, शनिवारी. सांडवा साफ करायचा, म्हणजे निजामानं न बांधलेलं सगळं काढायचं. कागदावर एवढंच, की गवत काढलं.

शनिवारी मी पंधरा माणसं निवडली. गयाबाई आपण होऊन आली. पहारी, घण, टिकाव. सिमेंट चांगलं होतं, चेअरमननं काटकसर केली नव्हती. पहिला दगड निघायला अर्धा तास लागला. तेवढ्यात चेअरमन आले. बरोबर चार माणसं. सगळे थांबले.

"कोनी सांगितलं हे?" त्यांनी मला विचारलं.

"गवत काढतोय," मी म्हणालो.

"पाणी वाया जाईल. गाव पाण्याला मरंल. ह्याच पाण्यावर ह्या समद्यांनी दिवस काढले." त्यांनी पहारी धरलेल्यांकडं हात केला आणि गयाबाईकडं बघितलं. "तू प्याली का न्हाई गं ते पाणी?"

गयाबाईनं पदरानं तोंड पुसलं.

"प्याले की. खोटं का बोलू? पर म्हाजी भीत बी तेच पाणी प्याली. तुमची भीत वर हाय, चेअरमन. तुमच्या भितीला तहान लागत न्हाई."

चेअरमनना तक्रार करायची तर सांडव्यावर आपण बांधकाम केलं होतं हे आधी लिहून द्यावं लागलं असतं, आणि ते लिहिणं त्यांना परवडणारं नव्हतं. ते बांधावर छत्री उघडून बसले आणि संध्याकाळपर्यंत एकेक दगड निघताना बघत राहिले. काढलेले दगड मी एका बाजूला नीट रचून ठेवले. सोमवारी सकाळी ते तिथं नव्हते. दगड कुठं गेले ते मी विचारलं नाही. चेअरमनच्या गोठ्याचं जोतं त्या उन्हाळ्यात नवीन झालं, एवढं मात्र सगळ्यांनी बघितलं.

सोमवारी कलेक्टर आले. मजुरांशी बोलले. गयाबाईपाशी थांबून विचारलं, काही अडचण? ती म्हणाली, "पाणी प्यायला लांब ठेवलंय, जवळ ठिवायला सांगा." झालं. डेप्युटीसाहेब एवढे घामेजलेले मी त्याआधी उन्हातही बघितले नव्हते.

मी नंतर तिला विचारलं, बोलली का नाहीस?

"सांडवा काढला न्हवं तुम्ही. मंग काय बोलू? आन् पाणी खरंच लांब हाय."

आता उरला माझा रिपोर्ट. खऱ्या माथ्यावरून पुन्हा लेव्हल लावली. जोतं वीतभर वर. पण आधी खाली आणि आता वर, हे कसं लिहायचं? डेप्युटीसाहेबांनी स्वतः मजकूर सांगितला: 'प्रथम मोजणीच्या वेळी तीव्र उन्हामुळे उपकरणात दोष निर्माण झाल्याने फेरमोजणी करण्यात आली.' दोष दुर्बिणीवर गेला. ती सरळ बघते, पण बोलत नाही. वर तिच्या दुरुस्तीचा प्रस्तावही पाठवायला लागला, आणि ती दोन महिने लातूरला कपाटात पडून आली.

ना हरकत घेऊन मीच ग्रामपंचायतीत गेलो. मार्चचे चार दिवस उरले होते. ग्रामसेवकानं कागद उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला, आणि आणखी एक अट सुचवली, की जोतं हातभर उंच घ्यावं. म्हटलं, घेऊ दे. गयाबाईला मी ती अट वाचून दाखवली. ती म्हणाली, "न सांगता बी घेतलंच असतं. मी काय येडी हाय?"

घर उभं राहिलं ते जूनच्या आधी. पाऊस त्या साली आलाच नाही, त्यामुळे परीक्षा झाली नाही. पुढच्या साली मात्र तो सगळी थकबाकी घेऊन आला. तोवर माझी देवणीला बदली झाली होती. अहमदपूरला काही कामानं आलो होतो, तिथून एसटी धरून गावात उतरलो. लांबूनच आवाज आला. सांडवा वाहत होता. खाली अर्धं गाव टोपल्या घेऊन मासे धरत होतं, आणि कडेला चेअरमनही धोतर खोचून उभे होते.

गयाबाईच्या घरी गेलो. पत्र्याचं घर, दगडी जोतं, पुढं दोन पायऱ्या. पाणी अंगणाच्या टोकाला येऊन थांबलं होतं. खालच्या पायरीपासून सहा पावलं. मी ती मोजली, सवयीनं. म्हातारी दारात बसलेली होती.

"कोन हाय?"

"पाटबंधारे," मी म्हणालो.

"आता काय काडायला आलाव?"

गयाबाई आतून हसली आणि चहाचं आधण ठेवलं. पत्र्याखाली लई उकडतं, माळवद थंड होतं, अशी तक्रार तिनं चहा होईपर्यंत केली. नंतर मासे खाऊन जा म्हणाली. मी खाऊन आलो.

पुढं तीस वर्षं याच खात्यात काढली. कितीतरी तलावांवर लेव्हल लावली. प्रत्येक ठिकाणी तिपाई उघडायच्या आधी मी काठावरच्या सगळ्यात खालच्या घरात जायचो आणि विचारायचो, तळं भरलं की सांडवा वाहतो का? तीन ठिकाणी उत्तर 'न्हाई' असं आलं. तिन्ही ठिकाणी सिमेंट निघालं, आणि तिन्ही ठिकाणी वरिष्ठांनी आधी मला हेच विचारलं, की लेखी कुणाला माहीत आहे.